कुष्ठरोगासाठी टेलिमेडिसिन: फोटो ठाण्यात, बोटं मुरबाडमध्ये

प्रश्न मुरबाड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. केंद्रात त्वचारोगतज्ज्ञ नाही. संशयित चट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर ठाण्याला पाठवले की उत्तर यायला आठवडा जातो आणि येतं ते "प्रत्यक्ष पाठवा". रुग्ण रोजंदारी बुडवून जात नाही. कर्मचाऱ्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रं आली, पण संशयितांच्या यादीत काही फरक नाही. टेलिमेडिसिन आणि दूरशिक्षणातून कुष्ठरोगात खरंच काही हाती लागतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

लागतं. पण आपण ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने नाही. आपल्याकडे आधी टॅब येतो, मग ॲप, मग लॉगिन, आणि शेवटी कधीतरी शिकवणं. कुष्ठरोगाचं निदान तीन खुणांवर उभं आहे. संवेदना नक्की गेलेला फिकट किंवा लालसर चट्टा ही एक. जाड झालेली नस आणि तिच्या हद्दीतली बधिरता किंवा अशक्तपणा ही दुसरी. स्लिट स्किन स्मिअरमध्ये, म्हणजे त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेल्या नमुन्यात, सापडलेले जंतू ही तिसरी. या तिघींतली एकच फोटोत येते, तीही अर्धी: चट्टा दिसतो, बधिरता दिसत नाही. त्यामुळे नुसता फोटो बघणाऱ्या तज्ज्ञाने "प्रत्यक्ष पाठवा" म्हणणं हेच प्रामाणिक उत्तर आहे. त्याला हवी असलेली माहिती रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांत असते. ती बोटं तयार करणं आणि त्यांना जे लागलं ते ठाण्यापर्यंत पोचवणं, हे आधी, कॅमेरा नंतर.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच काढतो. टेलिमेडिसिनचा सगळ्यात मोठा फायदा नवीन निदानात नाही. तो उपचार चालू असलेल्या रुग्णात आहे: रिॲक्शन (शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे त्वचेला आणि नसांना अचानक येणारी सूज) ओळखणं, नसेचं काम महिन्यागणिक तपासणं, स्टेरॉइडचा डोस उतरवणं, तळपायाच्या जखमेवर नजर ठेवणं. एमडीटीने, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्रित औषधांनी (रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन), जंतू मरतात, हात वाकडा व्हायचा मात्र नसेमुळे होतो, आणि तोही बऱ्याचदा दोन भेटींच्या मधल्या काळात. नसेचं काम गेल्याला सहा महिन्यांच्या आत असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ते परत येण्याची आशा धरता येते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. मुरबाडहून ठाण्याची फेरी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ढकलली जाते तेव्हा ढकलले जातात ते याच सहा महिन्यांतले दिवस.

आता फोटो. यात चुका इतक्या ठरलेल्या आहेत की एका पानाची सूचना छापून भिंतीवर लावली तर निम्मं काम होईल.

फ्लॅश बंद. खिडकीजवळचा किंवा ओसरीवरचा दिवसाचा उजेड घ्या, थेट ऊन नको. पिवळट बल्बखाली फिकट चट्टा आसपासच्या त्वचेत विरघळून जातो. फोनमधला ब्यूटी मोड बंद आहे का ते बघा. कित्येक फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि त्वचेचा रंग एकसारखा करतो, म्हणजे नेमकं जे दाखवायचं तेच पुसतो. कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा. मागे राखाडी किंवा निळं साधं कापड धरा. प्रत्येक चट्ट्याचे तीन फोटो: एक लांबून, ज्यात तो शरीरावर कुठे आहे ते कळेल, एक साधारण हातभर अंतरावरून, एक जवळून, शेजारी शाळेतली मोजपट्टी धरून. फार जवळ गेलात तर फोकस सुटतो, म्हणून थोडं मागे राहून झूम करा. कडा उंच आहे का हे समोरून घेतलेल्या फोटोत कळत नाही. बाजूने टॉर्चचा तिरका उजेड टाकून एक जादा फोटो घ्या. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं.

चट्टे मोजायला पाठ, कमरेखालचा भाग आणि मांड्या उघड्या केल्याशिवाय चालत नाही. पाचपर्यंत चट्टे असतील तर असांसर्गिक आणि सहा महिन्यांचा उपचार. सहा किंवा जास्त चट्टे, एकाहून अधिक नसांचा सहभाग किंवा स्मिअर पॉझिटिव्ह असेल तर सांसर्गिक आणि बारा महिने. हातावरचे दोन चट्टे बघून असांसर्गिक लिहिलं आणि पाठीवर आठ निघाले, ही गल्लत सर्रास होते आणि फोटोतून ती ठाण्यात कुणालाही पकडता येत नाही. स्त्री रुग्णासोबत आशाताई किंवा परिचारिका हवीच. अंग उघडं करून तपासलं की नाही, हे फोटोसोबत जाणाऱ्या फॉर्मवर हो-नाहीमध्ये लिहायला लावा. न तपासता "हो" लिहिणाऱ्यापेक्षा "नाही" लिहिणारा कर्मचारी चांगला. तज्ज्ञाला किमान एवढं तरी कळतं की मोजणी अपुरी आहे.

फोटोसोबत फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास हवा: आत्तापर्यंत कोणकोणती मलमं लावली? ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात चट्टा दिसला की माणूस आधी मेडिकल स्टोअरमध्ये जातो. तिथे त्याला बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब मिळते. स्टेरॉइडने लाली उतरते, कडा पुसट होते आणि फोटोत "बरा होत आलेला नायटा" दिसतो. ट्यूबचाच फोटो मागवा. नाव आठवत नाही म्हणणारा माणूस घरातून ट्यूब हमखास आणून दाखवतो.

बधिरतेची तपासणी व्हिडिओवर घ्या. साधा बॉलपेन पुरतो. आधी रुग्णाचे डोळे उघडे ठेवून चांगल्या त्वचेवर पेन टेकवून दाखवा आणि सांगा, "जिथे टेकलं तिथे बोट ठेवायचं." मग डोळे बंद. चांगल्या त्वचेपासून सुरुवात, मग चट्ट्याच्या मध्यभागी, मग परत बाहेर. क्रम आणि मधला वेळ बदलत राहा. "लागतंय का?" असं विचारलंत की संपलं. समोरचा माणूस डॉक्टरांचा मान राखून "हो" म्हणतो, किंवा पेनाच्या तालावर अंदाजाने म्हणतो. पेन टेकवायचं, ओढायचं नाही. ओढलेलं पेन शेजारच्या चांगल्या त्वचेलाही कळतं. एक मिनिटाच्या आत हे होतं, आणि तेवढ्या व्हिडिओत तज्ज्ञाला रुग्णाची बधिरता आणि कर्मचाऱ्याची पद्धत, दोन्ही दिसतात. दूरशिक्षणाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं साधन हा व्हिडिओच आहे. त्याबद्दल पुढे येतोच.

दोन ठिकाणी ही चाचणी फसवते. चेहऱ्याला नसांचा पुरवठा इतका दाट असतो की तिथल्या कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श बऱ्यापैकी शाबूत राहू शकतो. उलट, अनवाणी शेतात चालणाऱ्याचा तळवा इतका जाड असतो की निरोगी असूनही पेन कळत नाही. तळव्याला मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू) वापरा, आणि दोन्ही पाय ताडून बघा. कोड असेल तर चट्टा पांढराशुभ्र असतो आणि स्पर्श पूर्ण असतो. शिब्यावर बारीक कोंडा सुटतो. नायट्याला खाज असते. कुष्ठाच्या चट्ट्याला सहसा खाज नसते, त्यावर घाम कमी येतो आणि लव झडलेली असते. दुपारी चालून आलेल्या माणसाच्या अंगावर घाम आणि तेवढाच चट्टा कोरडा, हे डोळ्यांनाही दिसतं.

पण फोटोचं सगळ्यात मोठं अपयश वेगळंच आहे. ज्याच्या अंगात जंतू सगळ्यात जास्त, त्याचा फोटो सगळ्यात साधा येतो. लेप्रोमॅटस रुग्णात ठळक चट्टा नसतो. त्वचा थोडी तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाडसर, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, नाक चोंदलेलं, संध्याकाळी पाय सुजलेले. असा माणूस सूज घेऊन डॉक्टरांकडे येतो, त्याच्या लघवीची तपासणी होते, आणि तो घरी जातो. म्हणून संशयिताच्या प्रत्येक फाइलमध्ये, चट्टा असो वा नसो, दोन्ही कानांचा बाजूने आणि चेहऱ्याचा समोरून फोटो असावा. शंका राहिली तर स्मिअर लागतोच. तो ठाणे, कल्याण किंवा मुंबईत जिथे सोय आहे तिथे. इथे टेलिमेडिसिनचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयाला या कामाची १८९० पासूनची परंपरा आहे; अशा ठिकाणी रुग्ण गेलाच पाहिजे, तर तो का जातोय आणि तिथे काय करायचं आहे, हे लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या.

नसेकडे वळू. कोपराच्या आतल्या हाडामागे अल्नर नस चाचपताना रुग्णाचा हात सैल आणि कोपर वाकवलेलं हवं. चाचपणाऱ्याची नजर आपल्या बोटांवर नको, रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी. दुखलं की तो बोलण्याआधी चेहरा सांगतो. दोन्ही बाजू एकापाठोपाठ एक ताडून बघायच्या. गुडघ्याबाहेर, घोट्यामागे, मनगटाच्या मागच्या बाजूला तसंच. यातलं काही कॅमेऱ्यात येत नाही, अपवाद एकच: मानेवरची ग्रेट ऑरिक्युलर नस. मान विरुद्ध बाजूला वळवायला सांगितली आणि तिरका उजेड टाकला की जाड झालेली नस दोरीसारखी उठून दिसते.

स्नायूंची ताकद मात्र व्हिडिओवर उत्तम कळते. करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर, डोळे घट्ट बंद. पाच हालचाली, दोन्ही बाजूंनी. प्रत्येकीला कर्मचाऱ्याने हाताने विरोध करून बघायचा आणि सशक्त, अशक्त, लुळा यांपैकी एक लिहायचं. डोळे हलकेच मिटायला सांगून पापण्यांत फट राहते का ते बघायचं, राहिली तर मिलिमीटरमध्ये मोजायची. दर महिन्याला एमडीटीचं २८ दिवसांचं पाकीट द्यायच्या दिवशीच हे व्हावं; वेगळा दिवस ठेवलात तर होणार नाही. आणि ठाण्याला पाठवताना या महिन्याचा तक्ता एकटा पाठवू नका, मागच्या महिन्याचा शेजारी लावून पाठवा. "उजवी करंगळी अशक्त" या ओळीतून फारसं कळत नाही. "गेल्या महिन्यात सशक्त, आता अशक्त" या ओळीवर त्याच दिवशी फोन येतो, यायला हवा.

रिॲक्शनची छाननी हे दूरसल्ल्याचं मुख्य काम, म्हणून कुठल्या गोष्टीला किती वेळ चालेल ते आधी ठरवून भिंतीवर लावा. त्याच दिवशी उत्तर लागणाऱ्या गोष्टी अशा: हातापायाची ताकद किंवा स्पर्श नव्याने गेला; नस दुखतेय; चेहऱ्यावरचा चट्टा अचानक लाल होऊन फुगला, कारण तिथून डोळा मिटवणारी नस जवळ; डोळा लाल आणि दुखरा; ताप येऊन अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठल्या; तळपायाच्या जखमेसोबत सूज आणि ताप. आणि एमडीटी सुरू करून चार ते सहा आठवडे झालेत आणि ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे, तर ती रिॲक्शन नसून डॅप्सोनची अतिसंवेदनशीलता असू शकते. डॅप्सोन थांबवा आणि रुग्णाला रुग्णालयात हलवा. इथे व्हिडिओ कॉल लावत बसू नये. बाकी चट्टे, शंका, प्रमाणपत्रं यांना दोन दिवस चालतात. लघवी लाल झाली हा फोनही येणार. ती रिफॅम्पिसिनमुळे होते आणि तेवढ्यापुरतीच. हे पहिल्या डोसच्या दिवशी सांगितलं असेल तर हा फोन येतच नाही. त्वचा काळपट पडल्याची तक्रार क्लोफॅझिमिनची. औषध मध्येच सोडण्याचं ते मोठं कारण आहे, विशेषतः लग्नाच्या वयातल्या मुलामुलींत, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका; उपचार संपल्यावर रंग हळूहळू मूळ पदावर येतो हे स्पष्ट सांगा.

रिॲक्शन आली म्हणून एमडीटी बंद करायची नाही. ही चूक अजून होते, आणि फोनवरच्या अर्धवट बोलण्यात जास्त होते: "गोळ्या थांबवा" हे वेदनाशामकाबद्दल म्हटलेलं असतं आणि रुग्ण पाकीटच ठेवून देतो. सल्ला लेखी द्या, औषधाचं नाव घालून.

प्रेडनिसोलोनचा नेहमीचा क्रम १२ आठवड्यांचा: ४० मिलिग्रॅम, मग ३०, २०, १५, १०, ५, प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची. नसेचं काम गेलं असेल तर त्याहून लांब, २० आठवड्यांचा कोर्स देण्याकडे आता कल आहे. वजन कमी असेल किंवा मूल असेल तर किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका. सुरू करण्याआधी रक्तातली साखर, रक्तदाब, खोकला आणि वजन घटण्याचा इतिहास, गरोदरपण, पोटातले जंत यांची चौकशी. पायरी दोन आठवड्यांची असल्यामुळे दूरसल्ल्याचं वेळापत्रक आयतंच तयार आहे: दर दुसऱ्या आठवड्याच्या ठरलेल्या वारी तक्ता आणि साखर पाठवायची, मगच पुढची पायरी. तक्ता नाही आला तर डोस आपोआप उतरवायचा नाही आणि आहे तोच महिनाभर चालवायचाही नाही. फोन करून तक्ता मिळवायचा. गोळ्या दोन आठवड्यांच्याच द्या. महिन्याभराच्या दिल्या की बरं वाटल्यावर माणूस त्या एका झटक्यात सोडतो, किंवा उरलेल्या गोळ्या सांधे दुखणाऱ्या सासूबाईंना जातात. दुसऱ्या प्रकारच्या रिॲक्शनसाठी (ताप आणि दुखऱ्या लाल गाठींच्या) थॅलिडोमाइडचा विचार करायची वेळ आली तर तो विषय दूरसल्ल्याचा नाही. गर्भावर त्याचे परिणाम इतके भयंकर आहेत की ते तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष देखरेखीतच द्यायचं.

कायद्याची बाजू थोडक्यात. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरता येते. कर्मचाऱ्याने लावून दिला तर स्पष्ट संमती घेऊन नोंदवावी लागते. डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी विचारणाऱ्याकडेच राहते. म्हणून प्रेडनिसोलोनची पहिली चिठ्ठी तुम्हीच, रुग्ण समोर बसवून, लिहावी. ठाण्याचा सल्ला हा डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ला म्हणून केसपेपरला जोडावा. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना हबमधले, म्हणजे वरच्या केंद्रातले, डॉक्टर मिळतात, पण तिथे बसलेल्या डॉक्टरांना कुष्ठरोगाचा सराव असेलच असं नाही. जिल्ह्याच्या सहाय्यक संचालक, कुष्ठरोग यांच्याकडून आठवड्यातली दोन तासांची ठरलेली वेळ आणि त्या वेळेचा एक ठरलेला माणूस मागून घ्या. उपचारांची नोंद कुष्ठरुग्णांच्या सरकारी निकुष्ठ पोर्टलवर होतेच. सल्ल्याची नोंद केसपेपरवर हवी.

गोपनीयतेबद्दल मात्र थोडक्यात भागत नाही. साठ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुग्णाचा चेहरा, नाव आणि गाव टाकलेलं दिसतं, खाली अंगठ्यांची रांग. यातला एक जण जरी त्याच गावचा असला तरी त्या घरातलं लग्न मोडू शकतं. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग कायद्यातून २०१९ साली काढून टाकला गेला, गावातून तो अजून निघालेला नाही. ग्रुपवर केस टाकायचीच नाही. ठरलेल्या एका फोनवर पाठवायची, नावाऐवजी नोंदणी क्रमांक घालून. कर्मचाऱ्याच्या फोनमधला फोटोंचा ऑटो बॅकअप बंद हवा, नाहीतर तेच फोटो त्याच्या घरच्या टीव्हीवर सहलीच्या फोटोंमध्ये फिरतात. रुग्णाला फोन करताना फोन कोणाचा आहे ते आधी विचारून ठेवा. तुर्भे-दिघ्याच्या एका खोलीत सहा जण राहतात आणि वाजणारा फोन कोणीही उचलतं. उचललेल्याला "कुष्ठरोग विभागातून बोलतोय" म्हणायचं नाही; "दवाखान्यातून, गोळ्यांबद्दल" एवढं पुरे. फोन किती वाजता केलेला चालेल आणि दुसरा नंबर कोणाचा, हे पहिल्याच दिवशी कार्डावर लिहा.

दुसरा नंबर आणखी एका कारणासाठी लागतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भिवंडीचा यंत्रमाग कामगार होळीला गावी जातो तो कधी येईल याचा भरवसा नाही. असांसर्गिकची सहा पाकिटं नऊ महिन्यांत आणि सांसर्गिकची बारा पाकिटं अठरा महिन्यांत संपली तरी उपचार पूर्ण धरतात, तेवढी सवड आहे. पण ती सवड स्थलांतरात हां-हां म्हणता संपते. निघायच्या आधी जादा पाकिटं वरिष्ठांच्या परवानगीने द्या आणि महिन्यातून एक फोन ठरवा: पाकिटातल्या किती गोळ्या उरल्या, व्हिडिओवर अंगठा आणि पाऊल वर करून दाखवा, डोळे मिटून दाखवा. तीन मिनिटांत होतं. भट्टीवर रेंज नसेल तर मुकादमाच्या फोनवर अवलंबून राहू नका, कारण आजाराचं कळलं की कामावरून काढतील ही भीती खरी असते.

रेंजबद्दल: माळशेजच्या पायथ्याची गावं किंवा शहापूरची डोळखांबची बाजू, तिथे लाइव्ह व्हिडिओचा हट्ट धरू नका. फोटो आणि छोटे व्हिडिओ फोनवर साठवून केंद्रात आल्यावर पाठवणं हीच बहुतेक केसेसना पुरणारी पद्धत आहे. लाइव्ह कॉल राखून ठेवा तो रिॲक्शनसाठी आणि उपचार सोडायला निघालेल्या रुग्णाला समजावण्यासाठी.

आता प्रशिक्षण. दोनशे जण, कॅमेरे बंद, ऐंशी स्लाइड, शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्न: यातून नस चाचपायला कोणी शिकत नाही. पोहणं जसं फळ्यावर शिकवता येत नाही तसंच हे. पहिला दिवस प्रत्यक्षच हवा, दूरशिक्षण त्यानंतर. त्या दिवशी आधी एकमेकांच्या निरोगी नसा चाचपायच्या, रुग्णाच्या नंतर. निरोगी अल्नर हाताला कशी लागते हे पन्नास कोपरं चाचपल्याशिवाय बोटांत बसत नाही, आणि तोवर प्रत्येक नस एकतर जाड वाटते नाहीतर सापडतच नाही.

त्यापुढे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी साठी सुरू केलेली इको पद्धत इथे चांगली बसते. पंधरावडी एक तासाची बैठक, केंद्रं पंधरा-वीसच. दहा-पंधरा मिनिटं एकच मुद्दा, बाकी वेळ सहभागी केंद्रांच्याच दोन केसेस, वर सांगितलेल्या त्याच फॉर्मवर. तज्ज्ञाने आधी बोलायचं नाही. आधी दुसऱ्या केंद्रांनी विचारायचं, मग अंदाज सांगायचा, मग तज्ज्ञ. हा क्रम उलटला की बैठकीचं व्याख्यान होतं आणि तिसऱ्या बैठकीपासून माणसं गळतात. दोन बैठकांमध्ये प्रत्येकाने बधिरता-तपासणीचा एक व्हिडिओ पाठवायचा, खऱ्या रुग्णाचा किंवा सहकाऱ्याचा. त्यावर दोन ओळींचा अभिप्राय: "पेन ओढलंत, टेकवा," "डोळे नीट बंद करून घ्या." सहा महिन्यांत या अभिप्रायांनी जे होतं ते कुठल्याही ई-कोर्सने होत नाही.

वेळ दुपारी दोन ते चार. महिनाअखेरचा रिपोर्टिंगचा आठवडा आणि पोलिओ मोहिमेचे दिवस सोडून. आशाताईंना एवढं सगळं नको. त्यांना बघणं, विचारणं, पाठवणं एवढंच शिकवा. त्यासाठी दोन-तीन मिनिटांचे मराठीतले व्हिडिओ, एकदा उतरवून इंटरनेटशिवाय बघता येतील असे. भिवंडीसाठी तेच हिंदीतही लागतील. शहरात मात्र खरी गरज खासगी डॉक्टरांना शिकवण्याची आहे, कारण कळवा असो की कोपरखैरणे, रुग्ण पहिला जातो तो कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे. त्यांना संध्याकाळचं ओपीडी संपल्यावर साडेनऊनंतर अर्धा तास मिळतो. त्यात एकच गोष्ट पोचवा: दोन-तीन आठवड्यांत न हटणाऱ्या चट्ट्यावर ट्यूब लिहिण्याआधी पेन टेकवून बघा.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे गुणांवरून ठरवू नका. चार आकडे ठेवा: पाठवलेल्या संशयितांपैकी किती पक्के निघाले; नवीन रुग्णांत दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे डोळ्यांना दिसणारी विकृती किती जणांत होती; दरमहा नसेचा तक्ता पूर्ण भरलेले रुग्ण किती; आणि नस दुखल्याच्या तक्रारीपासून प्रेडनिसोलोनच्या पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस गेले. पहिला आकडा फार चांगला, म्हणजे जवळजवळ सगळेच पक्के निघाले, तर खूश होऊ नका. कर्मचारी फक्त ठळक चट्टेच पाठवतोय. आणि ठाण्याहून उत्तर यायला किती दिवस लागतात हा आकडा तज्ज्ञाच्या नावावर मोजा. उत्तर न आलेले सलग तीन फोटो, की चौथा कोणी पाठवत नाही.

तळपायाची जखम हा दूरसल्ल्याचा सोपा भाग, तरी त्यात एक गोष्ट हटकून राहते. जखमेचा आठवड्याचा फोटो मोजपट्टीसकट येतो, ड्रेसिंग होतं, आणि जखम तशीच. चपलेचा फोटो मागवा, वरून आणि खालून. झिजलेला टाच-कोपरा, वर आलेला खिळा, अंगठ्याखाली बसलेला खळगा, यांत जखमेचं कारण उघडं असतं. बधिर पायाला खिळा टोचलेला कळत नाही. जखम भरते ती दाब निघाल्यावर, मलमाने नाही. एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल आणि आराम. रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय बुडवणं, जाड कातडी हळूच घासणं, ओल्या पायालाच खोबरेल लावणं, हे एकदा व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून करून घ्या, नुसतं सांगू नका. पाणी कोमट घेतो म्हणाला तर थांबवा. बधिर पायाला कढत आणि कोमट यातला फरक कळत नाही. भातलावणीच्या दिवसांत पाय दिवसभर चिखलात असतो, तेव्हा हे फोन आठवड्याला दोन करा.

उपचार संपले म्हणून यादीतून नाव काढू नका. औषधं पूर्ण झाल्यावरही, विशेषतः सांसर्गिक रुग्णांत, पुढची काही वर्षं रिॲक्शन येऊ शकते, आणि तेव्हा रुग्णाला वाटतं रोग परत आला, डॉक्टरलाही तेच वाटतं, आणि एमडीटी पुन्हा सुरू होते. हवं असतं प्रेडनिसोलोन. शेवटच्या पाकिटाच्या दिवशी पूर्ण तक्ता भरा, हातांचा आणि डोळे मिटलेला एक व्हिडिओ घेऊन ठेवा. पुढे कधी तक्रार आली तर ताडून बघायला तोच लागतो. मग तीन महिन्यांनी एक फोन: नस दुखते का, हातातून वस्तू सुटतात का, नवा चट्टा आला का. कार्डाच्या मागे नंबर लिहायचा तो केंद्राच्या फोनचा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची बदली होते, कंत्राटी कर्मचाऱ्यांचं कंत्राट संपतं, आणि तीन वर्षांनी हात दुखायला लागलेला माणूस त्या कार्डावरचाच नंबर लावतो.